खान्देशात गुरं पाहायला यायचंय? आधी गुरांची वेळ विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे वडील, असे चौघं पुण्याहून चार दिवस खान्देशात यायचं म्हणताय. अजिंठा पाहून झालंय, रिसॉर्ट नको. गुरांचे कळप, गुराखी, गोठे आणि जमलं तर गुरांचा बाजार पाहायचाय. "नेमकं कुठल्या गावात जावं?" असं विचारलंय.

गावाचं नाव मी आत्ता देऊ शकतो, पण तेवढ्यावर तुम्ही निघालात तर फसाल. नुसतं नाव घेऊन आलेला पाहुणा सकाळी अकराला गावात पोहोचतो. तेव्हा गुरं रानात गेलेली असतात, माणसं शेतात असतात आणि गोठ्यात एक वासरू व एक म्हातारी सापडते. खान्देशात गुरांसाठी राखून ठेवलेली वेगळी मोठी कुरणं फार कमी आहेत. इथली गुरं शेतीच्या अंगानं जगतात. पीक उभं असेल तर ती दावणीला, बांधावर किंवा डोंगरात असतात. पीक निघालं की शेतात उतरतात. त्यामुळे कुठे जायचं हे महिन्यावर ठरतं, काय दिसेल हे दिवसाच्या वेळेवर, आणि कोणी उभं करेल का हे ओळखीवर.

आधी मुलूख समजून घ्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे, मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, उत्तरेला सातपुडा. गुरं पाळण्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन.

तापीकाठचा बागायती पट्टा म्हणजे रावेर, यावल, चोपडा आणि पुढे शिरपूर, शहादा. इथे केळी, ऊस, कापूस. गुरं बहुतेक बांधलेली, म्हशी आणि संकरित गाई जास्त. चारा म्हणजे ज्वारीचा कडबा, गव्हाचं भुसकट, सरकीची पेंड आणि केळीच्या भागात केळीची पानं. गोठा, धारा, दूध संकलन पाहायचं असेल तर हा पट्टा उत्तम. मध्य प्रदेश जवळ असल्यामुळे इकडे निमाडी बैलही दिसतात. तांबडं अंग आणि त्यावर पांढरे मोठे शिंतोडे, ही त्यांची खूण.

दुसरा कोरडवाहू पट्टा: साक्री, शिंदखेडा, धुळे, पारोळा, अमळनेरचा बराच भाग. मोकळे कळप पाहायचे तर इथे. साक्रीकडे ठेलारी समाजाची मेंढरं असतात, आणि पिकं निघाल्यावर काठेवाडी गुराख्यांचे गाईंचे कळप उतरलेले दिसतात. हे लोक मूळ सौराष्ट्रातले. त्यांच्याकडे गीर गाई पाहा: कपाळ पुढे आलेलं, कान लांब आणि पानासारखे गुंडाळलेले. याच तापी खोऱ्यातला खिल्लार मुद्दाम शोधा. माणदेशी खिल्लार सगळ्यांना माहीत आहे, पण तापी खिल्लार किंवा ठिल्लारी हा त्याचा खान्देशी प्रकार वेगळा. अंग पांढरं, आणि नाकपुडी व खूर काळे नसून गाजरी रंगाचे. एकदा नजर बसली की बाजारात लांबूनही ओळखता येतो.

तिसरा पट्टा सातपुड्याचा: धडगाव, अक्कलकुवा, तसंच यावल-रावेर-चोपड्याचा डोंगराळ भाग. पावरा, भिल्ल, तडवी यांची गावं. गुरं लहान चणीची, काटक, दूध थोडं, उतारावर पाय पक्का. ज्याला शहरी माणूस "किरकोळ गाय" म्हणेल ती उन्हाळ्यात वाळक्या पाल्यावर तगून पुन्हा वेते. तिच्याकडे त्या नजरेनं पाहावं अशी माझी विनंती आहे.

चार दिवसांत तिन्ही पट्टे करू नका. अंतरं नकाशावर छोटी दिसतात. प्रत्यक्षात पहाट आणि संध्याकाळ या दोन्ही कामाच्या वेळा गाडीत जातात. दोन पट्टे घ्या, प्रत्येकी दोन रात्री. वडील सोबत आहेत म्हणून मी बागायती आणि कोरडवाहू ही जोडी सुचवेन. सातपुड्यात जायचंच असेल तर रावेर तालुक्यातलं पाल सोयीचं. वनविभागाचं विश्रामगृह आहे, मात्र आरक्षण आधी करावं लागतं.

आता महिना. माझं मत स्पष्ट आहे: डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य. पहिलं कारण हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत गुरंसुद्धा दहानंतर सावली सोडत नाहीत, तिथे सत्तरीच्या माणसाला फिरवू नये. दुसरं कारण कापसाचं आहे आणि ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडण्यासाठी फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक राखून घेतलेला जादा बहर, न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. वेचणी संपली की पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या झाडांत, गुरं-मेंढरं सोडतात. ती उरलेली पानं आणि किडकी बोंडं खातात, म्हणजे अळीचा आसराही कमी होतो. रात्री कळप त्याच शेतात बसवतात. शेण-मूत थेट जमिनीत मुरतं आणि शेतकरी त्याबद्दल कळपवाल्याला धान्य किंवा पैसे देतो. शंभर-दोनशे जनावरं एका शेतात रात्रभर बसलेली आणि पहाटे धुक्यातून उठताना पाहायची असतील तर तो हाच काळ. शिवाय मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. ती घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गर्दी असते, म्हणून ती अर्ध्या दिवसाची भेट ठेवा.

पावसाळ्यात हिरवळ सुंदर दिसते, पण काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर चारचाकी शिवाररस्त्यावर घालू नका. चाक आधी घसरतं, मग चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावास्येला, बैल सजलेले दिसतात. मला विचाराल तर आदल्या दिवसाची खांदमळणी जास्त पाहण्यासारखी. वर्षभर जू ओढलेला खांदा हळद-तुपानं चोळतात, तेव्हा माणूस आणि बैल दोघंही शांत असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणी आणि रब्बीची पेरणी यांत कोणाला सवड नसते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास घरी उतरायचं टाळा. लेकी माहेरी आलेल्या असतात, सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचं, नवं वर्ष ठरत असतं, घर भरलेलं असतं.

दिवसाची वेळ त्याहून महत्त्वाची. हिवाळ्यात साधारण असं चालतं: पहाटे पाच-साडेपाचला शेण काढणं, साडेपाच ते साडेसहा धारा, साडेसहा ते आठ डेअरीवर दूध, नऊ-दहाला गुरं चरायला सुटतात. दुपारी पाण्याजवळ झाडाखाली रवंथ. दिवस मावळताना परत, मग पुन्हा धारा. गुरं उशिरा का सोडतात असं मुलगी विचारेल. गवतावरचं दव वाळू देतात. ओल्या कोवळ्या चाऱ्यानं पोट फुगण्याची भीती असते. तर तुम्ही पहाटे साडेपाचला गोठ्यात आणि संध्याकाळी पाचला शिवेवर हजर असलं पाहिजे. मधली दुपार जेवण आणि झोपेसाठी. त्यासाठी मुक्काम गावापासून अर्ध्या तासात हवा: फैजपूर, चोपडा, शिरपूर, शहादा, साक्री अशा गावी. गोठेवाल्याच्या घरीच राहायचं असेल तर शौचालय आणि बायकांच्या झोपण्याची सोय आधी मोकळेपणानं विचारा. विचारण्यात लाज नाही. ऐनवेळी अडचण झाली की यजमान जास्त ओशाळतात.

ओळख कोणामार्फत? अनेक जण सरपंचाला फोन करतात. सरपंच भला असतो, पण तो सत्कार ठेवतो आणि सकाळ हार-तुऱ्यात जाते. माझा अनुभव सांगतो की गावच्या दूध डेअरीचा सचिव हा सगळ्यांत कामाचा माणूस. कोणाकडे कोणतं जनावर आहे, कोणती गाय मारकी आहे, कोणाच्या घरी दुःख झालंय, हे त्याला ठाऊक असतं, कारण अख्खं गाव दिवसातून दोनदा त्याच्या काट्यापाशी येतं. त्याच्यानंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातले कर्मचारी, मग कृषी विज्ञान केंद्र. पालला असं केंद्र आहे. सातपुड्यातल्या गावात मात्र पोलीस पाटलाला कळवल्याशिवाय मुक्काम करू नका. राज्याची हद्द जवळ असते आणि अनोळखी गाडीची चौकशी होणं रास्त आहे.

काठेवाडी किंवा ठेलारी वाड्यावर, म्हणजे त्यांच्या कळपाच्या तळावर, जायचं असेल तर आणखी काळजी हवी. पन्नासेक पावलांवर थांबा, हाक मारा आणि उभे राहा. त्यांची कुत्री राखणीची असतात. पळालात तर मागे लागतील, स्थिर उभे राहिलात तर मालक येईपर्यंत भुंकतील. धारा आटोपल्यावर, आठच्या सुमारास जा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. आणि वाड्याची नेमकी जागा फोनवरच्या नकाशात खूण करून कोणाला पाठवू नका. चराईवरून गावकरी, वनविभाग आणि कळपवाले यांच्यात कुरबुरी असतात. तुमच्या एका फोटोमुळे त्यांना वाडा हलवावा लागू शकतो. ड्रोन तर मुळीच नको. वरून घोंघावत काही आलं की कळप उधळतो आणि गाभण जनावरं पडतात.

बोलण्याचं सांगायचं तर वयस्कर माणसाला आप्पा, नाना; बरोबरीच्याला भाऊ किंवा जिभाऊ; बाईंना मावशी, आक्का. अहिराणी येत नसली तरी "काय चाली राहिनं जिभाऊ?" एवढं म्हटलं तरी माणूस हसून खाट पुढे ओढतो. रावेर-यावलकडे लेवा बोली कानावर पडेल, डोंगरात पावरी. तिथे मराठी सावकाश बोला, एवढं पुरे.

जनावराजवळ जाण्याची रीत मुलीला आधी घरीच शिकवा. गाईला अगदी मागचं दिसत नाही, म्हणून मागून जायचं नाही. पुढून थोडं बाजूनं, तिला दिसेल असं, बोलत बोलत जायचं. गाय लाथ नुसती मागे मारत नाही, पाय पुढे घेऊन बाजूला फिरवते; तेव्हा मांडीच्या बाजूलाही उभं राहू नये. जनावर आणि भिंत यांच्या मधे शिरू नये, ताणलेलं दावं ओलांडू नये, आणि नुकतीच व्यालेली गाय व तिचं वासरू यांच्या मधे तर कधीच येऊ नये. खिल्लार जात चपळ आणि संशयी असते, अनोळखी हात तिला खपत नाही. मालकानं कासरा धरल्याशिवाय हात लावू नका. लाल कपड्यांची भीती बाळगायचं कारण नाही. जनावर बुजतं ते फडफडण्याला: ओढणी, छत्री, प्लास्टिकची पिशवी.

खायला काही घालू नका. प्रेमानं घातलेल्या पोळ्या, पीठ, गूळ, शिळा भात यांनी जास्त जनावरं आजारी पडतात. पिठूळ पदार्थ एकदम पोटात गेला की कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, जनावर बसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हेच रुग्ण येतात. शेतातली कोवळी ज्वारी उपटून देणं त्याहून घातक. फुलोऱ्याआधीच्या, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विष असतं, त्यालाच किराळ लागणं म्हणतात, आणि जनावर काही मिनिटांत कोसळू शकतं. मुलीला हौस असेल तर मालकानं दिलेला कडबा तिनं गव्हाणीत टाकावा.

रोगांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पाहुण्यांमुळे होणारं खरं नुकसान इथे आहे. लाळ्या-खुरकूताचा विषाणू बुटाला लागलेल्या शेणा-चिखलातून एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. एका दिवशी दोन गोठे पाहणार असाल तर मधे बूट धुवा. आधी ब्रशनं चिखल काढा, कारण चिखलाखाली औषध पोहोचत नाही. मग धुण्याचा सोडा ४० ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात घेऊन त्यानं बुटांचे तळवे भिजवा. रबरी बूट सगळ्यांत सोयीचे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत महाराष्ट्रातली पहिली नोंद ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावल इथे झाली आणि त्यानंतर गुरांचे बाजार बंद करावे लागले. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांतून पसरतो, माणसाला होत नाही. पण ती आठवण ताजी आहे. एखाद्यानं गोठ्याबाहेरूनच रामराम केला तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या बाजूनं दोन गोष्टी पाळा. धारोष्ण दूध कितीही आग्रह झाला तरी पिऊ नका, उकळलेलं मागा; कच्च्या दुधातून सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसात येतो आणि ताप महिनोन्‌महिने रेंगाळतो. आणि व्यालेल्या गाईची वार (वासरामागून पडते ती जार) किंवा लाळ गाळणारं जनावर यांना हात लावू नका. रानातून आल्यावर गोचिडांसाठी पायमोजे, गुडघ्यामागे, कमरेशी बघा. संध्याकाळनंतर कडब्याच्या गंजीत हात घालू नका, बॅटरीशिवाय चालू नका. साप चावलाच तर कापणं-बांधणं न करता १०८ ला फोन लावून सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

बाजाराचं. रावेर तालुक्यातलं सावदा आणि पाचोरा तालुक्यातलं वरखेडी ही गुरांच्या बाजाराची जुनी नावं. सण, साथ यांमुळे बाजार रद्द होतो, म्हणून त्याच आठवड्यात बाजार समितीला फोन करून मगच निघा. सकाळी सातला पोहोचा, दहापर्यंत रंग असतो. दात पाहून वय ठरतं: दुधाचे दात असलेला आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठ दात आले की जुळलेला. दोन दाती साधारण दोन-अडीच वर्षांचा, जुळलेला साडेचार-पाचचा. सौदा अजूनही कुठे कुठे रुमालाखाली बोटं धरून होतो. तिथे वाकून बघू नका. "केवढ्याला?" असं सहज विचारू नका, कारण तो सौद्याचा पहिला शब्द असतो, "फक्त पाहायला आलोय" असं आधीच सांगा. गाड्या, चढवलेली जनावरं यांचं चित्रीकरण टाळा. गोवंशाच्या वाहतुकीवरून इथे वाद होतात आणि कॅमेरेवाल्याकडे सगळे संशयानं बघतात. फोटो हवेच असतील तर बाजार समितीच्या कार्यालयात विचारून घ्या. मुलीला आणि वडिलांना गाडीतून जनावरं उतरवतात त्या बाजूला नेऊ नका. बुजलेला बैल फळीवरून उडी मारतो.

पैशांबाबत संकोच नको, पण रीत हवी. चहाचे पैसे देऊ नका, अपमान होतो. जेवण आणि मुक्कामाची रक्कम मध्यस्थामार्फत आधी ठरवा आणि घरच्या बाईंच्या हातात द्या, कारण पहाटेच्या धारा सोडून कळण्याच्या भाकरी आणि भरीत त्यांनीच केलेलं असतं. गुराख्याचा अर्धा दिवस घेतलात तर गावात चालू असलेली अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. भेट न्यायची तर गुरांसाठी खनिज मिश्रणाची पिशवी किंवा चाटण वीट न्या. तिची किंमत फार नसते आणि मालक ती वर्षभर लक्षात ठेवतो. मुलांना चॉकलेटं वाटू नका. पुढच्या गाडीमागे ती धावायला लागतात.

तुमचा कार्यक्रम मी असा लावेन. पुण्याहून रेल्वेनं भुसावळ, तिथून गाडी करून फैजपूर, दोन रात्री. पहिल्या पहाटे गोठा आणि डेअरी, दुपारी विश्रांती, संध्याकाळी शिवार. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार जुळला तर सावदा, नाहीतर पाल. तिसऱ्या दिवशी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानं चोपड्यावरून शिरपूर, आणि तिथून शिंदखेडा-साक्रीच्या बाजूला पऱ्हाटीत बसलेला कळप शोधायचा. तो कुठे आहे हे तिथल्या डेअरीवर आदल्या संध्याकाळीच कळतं, त्याआधी कोणीही सांगू शकत नाही. चौथी पहाट त्या कळपासाठी राखून ठेवा.

प्रत्येक मुक्कामाआधीच्या संध्याकाळी यजमानाला एक फोन करा आणि एवढंच विचारा: "गोठ्यात सगळं बरं आहे ना?" एखादी म्हैस त्या रात्री विणार असेल किंवा जनावर आजारी असेल तर तो "या, या" असंच म्हणेल, पण आवाज अडखळेल. तेव्हा तुम्हीच म्हणा की आम्ही परवा येतो.